बोरन्हाणाला आलेला गोवर

“हा गोवर आहे,” डॉक्टर म्हणाल्या, आणि मी त्यांच्याशी भांडायला लागले.

शक्यच नाही म्हटलं. माझ्या मुलाच्या सगळ्या लसी वेळेवर झाल्यात, एकही चुकलेली नाही. त्यांनी शिवूचा गाल हलकेच बाजूला ओढला, टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. गालाच्या आत मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके होते. त्यांना कॉप्लिक स्पॉट्स म्हणतात. अंगावर पुरळ यायच्या थोडं आधी ते दिसायला लागतात, आणि ते दिसले की मीझल्स, म्हणजे गोवर, हे जवळजवळ ठरलेलंच.

“किती महिन्यांचा आहे?” त्यांनी विचारलं.

“सात.”

“मग गोवराची लस अजून व्हायचीच आहे. ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. तोवर या बाळांना आजूबाजूच्या लोकांनीच सांभाळायचं असतं.”

आजूबाजूच्या लोकांनी! हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलंही नाही. नंतर मात्र ते डोक्यात असं जाऊन बसलं की आजही शेजारचं दार वाजलं तरी आठवतं. तुमच्या घरात नऊ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. शेजारी शहाणे आहेत असं गृहीत धरू नका, एवढंच सांगायचं असतं तर दोन ओळींत संपलं असतं. पण माझा राग दोन ओळींत मावणारा नाही.

आम्ही चाकणजवळ निघोज्यात राहतो. मूळचे लातूरकडचे. मी महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या मशिनांच्या विभागात, क्वालिटी बघते, नवरा महेश दुसऱ्या कंपनीत स्टोअरला आहे. बाळ झाल्यावर सासूबाई गावाहून आल्या आणि राहिल्या, म्हणून मी कामावर परत जाऊ शकले.

शिवूची पहिली संक्रांत होती. सासूबाईंना बोरन्हाण थाटात करायचं होतं. काळं झबलं शिवलं, हलव्याचे दागिने आणले. बिल्डिंगमधली सगळी पोरं बोलावली. ज्यांना ही पद्धत माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते : बाळाला मध्ये बसवून त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या ओततात, आणि भोवतीची पोरं त्या खाऊवर तुटून पडतात. ऋतू बदलताना बाळाला काही बाधू नये म्हणून हे करायचं. बाधू नये म्हणून! आणि त्यासाठी आम्ही बिल्डिंगभरातली पोरं त्याच्या अंगावर आणून घातली.

त्यात शेजारच्या पूर्वा आणि नचिकेतची ईरा होती. साडेतीन वर्षांची, गोड पोरगी. तिचं नाक वाहत होतं, डोळे लाल होते. मी विचारलंसुद्धा. पूर्वा म्हणाली, “थंडीची सर्दी आहे हो ताई, कालपासून.” सणाच्या दिवशी दारात आलेल्या लेकराला सर्दी आहे म्हणून परत पाठवायचं का? आपल्यात कोण पाठवतं? ईरा शिवूला चिकटून बसली, त्याच्या गालाला गाल लावून फोटो काढला. तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. पुसावासा वाटतो, पण पुसत नाही.

त्यानंतर दहाएक दिवसांनी शिवूला ताप आला. आधी वाटलं दात येत असतील. जवळच्या दवाखान्यात दाखवलं, व्हायरल आहे म्हणाले, औषध दिलं. ताप उतरेना. डोळे चिकटायला लागले, दूध ओढताना दम लागायला लागला. मग कानामागून लाल पुरळ सुरू झालं.

सासूबाईंनी पुरळ पाहिलं आणि खाली बसल्या. “गवर आलाय लेकराला,” एवढंच म्हणाल्या. उठून कडुलिंबाचा डहाळा आणायला निघाल्या. मी ओरडले, पाला नको, दवाखाना गाठायचा आहे. त्यांच्या पिढीत गोवर म्हणजे देवी अंगावर आली असं मानायचे, औषध द्यायचं नाही, घरात फोडणी टाकायची नाही. मला वाटलं आता अडवतील. पण त्यांनी डहाळ्याचा विचार सोडला, शिवूला शालीत गुंडाळलं आणि माझ्या आधी जिना उतरल्या.

संध्याकाळची शिफ्ट सुटलेली. कुरुळी फाट्यावर कंटेनरची रांग लागलेली. रिक्षात शिवूच्या छातीचा भाता हलत होता, आणि पुढच्या कंटेनरचा ड्रायव्हर आरामात खाली उतरून तंबाखू मळत उभा होता. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण त्याने गाडी काढली.

पिंपरीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचलो आणि तिथे वर सांगितलेलं झालं. मी भांडले, ठिपके पाहिले, गप्प झाले. शिवूला आयसोलेशनमध्ये ठेवलं, म्हणजे इतर मुलांना लागण होऊ नये म्हणून वेगळ्या वॉर्डात. एक्स-रे काढला. गोवरातून न्यूमोनिया झाला होता, फुप्फुसात सूज. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, कमी होता. नाकात नळी घातली, हाताला सुई लावली. व्हिटॅमिन ए दिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं. त्याने डोळे आणि फुप्फुसं वाचायला मदत होते.

“आणि गोवराचं औषध?” मी विचारलं.

“गोवराच्या विषाणूवर थेट औषध नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यावर होणारे दुसरे संसर्ग आम्ही थोपवतो, श्वासाला आधार देतो. बाकी लढायचं त्यालाच आहे.”

सात महिन्यांच्या जिवाने लढायचं. ज्याला अजून धड बसता येत नाही त्याने.

मग त्यांनी विचारलं, दहा-पंधरा दिवसांपूर्वी ताप, सर्दी, लाल डोळे असलेलं कुठलं मूल याच्या जवळ आलं होतं का? मी मोबाइल काढला आणि तो फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून ईराचे डोळे पाहिले. “या मुलीला नंतर पुरळ आलं होतं का, विचारा.”

मी पॅसेजमध्ये येऊन पूर्वाला फोन लावला. ईराला पुरळ आलं होतं का, विचारलं. ती म्हणाली, “हो ताई. बोरन्हाणानंतर दोन दिवसांनी आला होता रॅश. मी तुम्हाला सांगणार होते. पण नचिकेत म्हणाला, सांगू नकोस, लोक उगाच पॅनिक होतात. आपोआप बरा होतो.”

“लस दिली नव्हती का तिला?”

“नाही ना. आम्ही कुठलीच देत नाही. तो आमचा पर्सनल चॉइस आहे.”

मी फोन बंद केला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या पॅसेजमध्ये कळलं. आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्या जे म्हणाल्या ते कृपा करून लक्षात ठेवा : गोवराच्या मुलाशी संबंध आलाय हे लवकर कळलं, तर सहा दिवसांच्या आत बाळाला इम्युनोग्लोब्युलिन देता येतं. म्हणजे तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन. त्याने आजार टळतो, निदान सौम्य होतो.

ईराला दोन दिवसांनी पुरळ आलं होतं. आमच्या हातात चार दिवस होते. मधे फक्त एक भिंत होती. भिंतीच्या अलीकडे मी त्याला खेळवत होते आणि पलीकडे दोन शिकलेली माणसं, लोक पॅनिक होतील म्हणून, तोंडाला कुलूप लावून बसली होती.

वॉर्डात दिवस कसे जातात हे सांगण्यासारखं नाही. मॉनिटरचा आकडा बघायचा. खाली आला की सिस्टरला हाक मारायची, वर गेला की आपणही श्वास घ्यायचा. दूध नळीने जात होतं. माझं दूध दाटून यायचं, छाती दुखायची, आणि पोरगं समोर असून ओढायचं नाही. एकदा आकडा इतका खाली गेला की त्याला आयसीयूत हलवायची तयारी झाली. डॉक्टर म्हणाल्या, “आजचा दिवस बघू. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही.” महेश भिंतीला डोकं टेकवून उभा होता. मी त्याच्यावरही चिडले, रडायचं असेल तर बाहेर जा म्हणाले. तो बाहेर गेला. मी नाही रडले. मला इतका राग आला होता की रडायला जागाच नव्हती.

त्याच दिवशी सासूबाईंनी मला पहिल्यांदा सांगितलं. महेशच्या आधी त्यांना एक मुलगी होती, एवढंच मी उडत उडत ऐकलं होतं. मला वाटायचं ती जन्मताच गेली असेल. “दोन वर्साची व्हती,” त्या म्हणाल्या. “चालायची, बोलायची. गवर आला, छातीत उतरला. आमी पाला बांधला, देवीला नवस बोलला. टोचायचं असतंय हे आमाला कुणी सांगितलंच न्हाई. तुमच्या त्या शेजाऱ्यावानी नको म्हनायला, आदी कुणी घ्या तर म्हनाय पायजे.”

तिचं नाव शालू होतं. एवढ्या वर्षांत घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर सुमनची दोन वर्षांची मुलगी होती, तिलाही गोवरच. सुमन मोशीच्या बांधकामावर काम करायची, साइटवरच राहायची. ती परभणीकडची, सासूबाईंशी तिची लगेच गट्टी जमली. मुलीला लस का नाही दिली, असं मी तिला जरा तोऱ्यातच विचारलं. ती म्हणाली, “दोन म्हैने हितं, दोन म्हैने तिथं. गावात गेलं तर म्हनतात हितलं न्हाई, हितं आलं तर कुठं जायचं ठाव न्हाई. मुकादम सुट्टी देत न्हाई.” मग मी तिला ईराची गोष्ट सांगितली. आरोग्य केंद्राच्या आशाताई आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघर येऊन लसीचं विचारून गेल्या होत्या, नचिकेतने त्यांना गोड बोलून जिन्यावरूनच परत पाठवलं होतं, ते सगळं.

सुमनला ते समजेचना. “दारात येऊन देत व्हते?” तिने विचारलं. “अन् नगं म्हनले?”

“हो.”

मी थट्टा करतेय असं तिला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवसापासून शिवूचा आकडा हळूहळू वर सरकायला लागला. नळी निघाली. एका सकाळी त्याने माझ्या पदराचं टोक धरून तोंडात घातलं, तेव्हा मी रडले. मग कानातून पू यायला लागला. ओटायटिस मीडिया, म्हणजे पडद्यामागच्या भागात जंतुसंसर्ग. पुन्हा औषधं. शेवटी घरी सोडलं, पण कानाची तपासणी करून घ्या असं बजावून.

बेरा नावाची तपासणी असते. बाळाला झोपवून कानात आवाज सोडतात आणि मेंदू तो घेतो का ते यंत्रावर बघतात. शिवूचा उजवा कान चांगला आहे. डावा कमी ऐकतो. किती सुधारेल ते वाढत्या वयात कळेल म्हणाले. हाक मारली की तो मान नेहमी उजवीकडेच वळवतो, मग हाक कुठूनही येवो.

घरी आल्यावर नचिकेत भेटायला आला. सफरचंदं घेऊन. शिवूकडे पाहून हसला आणि म्हणाला, “वहिनी, झालं ते वाईट झालं. पण पॉझिटिव्ह बघा. आता त्याला नॅचरल इम्युनिटी आली, आयुष्यभराची.”

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. नचिकेत चाकणच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. सेफ्टी शूज नसतील तर तो कामगाराला गेटवरून परत पाठवतो. माझे पाय, माझी मर्जी, असं कुणी म्हणून बघावं त्याला! आणि आमच्या प्रेस शॉपला असतो तसा कुलपाचा नियम त्याच्याकडेही आहे. मशिन दुरुस्त करायला माणूस आत शिरला की बाहेरच्या मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. तो बाहेर येईपर्यंत कंपनीचा मालक आला तरी बटण दाबता येत नाही. हा नियम नचिकेत नव्या पोरांना स्वतः शिकवतो, त्याचे फोटो टाकतो.

मी म्हटलं, “भाऊजी, माझं पोरगं मशिनच्या आत होतं. त्याला कुलूप मिळायला अजून दोन महिने होते. बाहेर तुम्ही उभे होतात. बटण तुम्ही दाबलंत.”

“वहिनी, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण कारखाना वेगळा आणि शरीर वेगळं. माझ्या मुलीच्या शरीरात काय जाईल हे मी ठरवणार.”

“ठरवा ना! आणि माझ्या मुलाच्या शरीरात काय गेलं, ते कुणी ठरवलं?”

महेश मधे पडला, जाऊ दे, शेजार आहे म्हणाला. शेजार होता म्हणून तर झालं. सफरचंदं मी त्याच्या हातात परत दिली. लोक म्हणतात अन्नावर राग काढू नये. मी काढला.

लस सक्तीची करावी की ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडावी, यावर आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर नंतर महाचर्चा झाली. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीचे शेकायला असतात. मीही तेव्हा लिहिलं, सक्ती करा, तुरुंगात टाका. मग सुमन आठवली. सरसकट सक्ती केली तर आधी तीच सापडेल. तिला दंड होईल, तिला पाळणाघरातून हाकलतील, आणि नचिकेत कुठल्या तरी ओळखीच्या डॉक्टरकडून चिठ्ठी आणून मोकळा होईल. चोर सोडून संन्याशाला फाशी.

म्हणून माझं मत आता असं आहे. जिला लस मिळत नाही तिच्या साइटवर जाऊन द्या, मुकादमाला सुट्टी द्यायला भाग पाडा. सक्ती करायची तर ती आधी तिथे करा. आणि ज्याच्या दारात लस येऊन उभी राहते आणि जो नको म्हणतो, त्याला नको म्हणू दे. पण मग त्याने पाळणाघरात, बालवाडीत, बारशाला, बोरन्हाणाला यायचं नाही. लसीचं कार्ड दाखवा आणि आत या. गेटवर शूज दाखवावे लागतातच की. निवड तुमची आहे ना, मग तिचं ओझंही तुम्हीच उचला, माझ्या पोराच्या डाव्या कानावर टाकू नका.

हे बोलणं सोपं होतं. यंदाच्या संक्रांतीला ते मला करावं लागलं.

शिवूचं बोरन्हाण पुन्हा केलं, पाच वर्षांपर्यंत करतातच. बोलावणं करताना सगळ्यांना सांगितलं, लसीचं कार्ड बघणार आहे. काहींनी नाक मुरडलं, तरी घेऊन आले. तळमजल्यावरची कविता तिचं दोन महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. ते सासूबाईंच्या मांडीवर होतं.

आणि दारात पूर्वा, ईराचा हात धरून. मी बोलावलं नव्हतं. ईराने काळा फ्रॉक घातला होता. सर्दी नाही, खोकला नाही, डोळे स्वच्छ.

“ताई, तिला तर गोवर होऊन गेलाय,” पूर्वा म्हणाली. “आता काय प्रॉब्लेम आहे?”

“डांग्या खोकला? घटसर्प?” मी विचारलं. “त्यांचं काय दिलंय? आत दोन महिन्यांचं बाळ आहे.”

ईरा माझ्या कमरेच्या बाजूने वाकून आत बघत होती. आत पोरं गोळ्यांसाठी ओरडत होती. तिचा ओठ थरथरायला लागला. ती पाच वर्षांचीही नव्हती, तिने काय केलं होतं? मला स्वतःचा राग आला, पूर्वाचा आला, घरात बसून राहिलेल्या नचिकेतचा तर फारच आला. पण मी दारातून हलले नाही.

मग आत गेले, परातीत बोरं, चुरमुरे, गोळ्या घेतल्या, बाहेर आले आणि मागे दार ओढून घेतलं. ईराला पॅसेजमध्ये लिफ्टसमोर बसवलं आणि तिच्या डोक्यावरून सगळं ओतलं. बोरं टपटप उड्या मारत जिन्यावरून खाली गेली. ती खदखदून हसली. खाऊ लुटायला दुसरं कुणी पोर नव्हतं, म्हणून तिची तिनेच गोळा करायला सुरुवात केली. हे बघून पूर्वा खाली बसली आणि तिच्याबरोबर बोरं वेचायला लागली. मीही बसले. माझ्याच पॅसेजमध्ये घाण कुणी ठेवायची?

वेचता वेचता, वर न बघता, पूर्वाने हळूच विचारलं, “ताई, आरोग्य उपकेंद्रात लसीकरण कुठल्या वारी असतं?”

माझ्या ओठांवर बरंच काही आलं होतं. वर्षभर साठवलेलं. त्यातला एकही शब्द चुकीचा ठरला नसता. आत सासूबाईंनी शिवूला हाक मारली, आणि बंद दारामागे तो कुठल्या बाजूला वळला असेल ते मला न बघताही माहीत होतं.

ज्या डॉक्टरांनी मला खोटा धीर दिला नाही, ज्या सिस्टर प्रत्येक हाकेला धावत आल्या, ज्या आशाताई अपमान गिळून पुन्हा पुन्हा आमचा जिना चढतात, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

“गुरुवारी,” मी पूर्वाला म्हणाले. “शिवूचाही गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिलाय. मी सकाळीच रांगेत असेन. माझ्या मागे उभी राहा.”